पंधरा फायलींचा ताळा

२६ मे २०२५, सोमवार. त्या वर्षी पाऊस त्याच दिवशी मुंबईत येऊन थडकला, नेहमीपेक्षा चांगला पंधरवडाभर आधी. आमच्या डोंबिवलीत रात्री पावणेदहा ते अकरा या वेळात वीज तीनदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा टीव्हीखालच्या कपाटातून पीप, पीप, पीप सुरू झालं. नवऱ्याला वाटलं फ्रीजचं दार उघडं राहिलं. मला मात्र पोटात खड्डा पडल्यावर कळलं की हा डबा आहे.

डबा म्हणजे आमच्या घरचं नॅस. राउटरला केबलने जोडलेली, पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी. आत दोन हार्डडिस्क. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप तिथे आपापलं सामान ठेवतात. २०१३ च्या दिवाळीत घेतला होता. ३ टीबीच्या दोन डिस्क, रेड-१ पद्धतीने लावलेल्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. साडेअकरा वर्षांत त्यात २.३ टीबी जमा झालं: लग्नकार्यांचे फोटो, मुलाच्या लहानपणच्या टेपांची रूपांतरं, सासऱ्यांनी स्कॅन करून ठेवलेले जमिनीचे कागद, आईंच्या कीर्तनांच्या कॅसेटी, माझ्या आयकराच्या फायली.

आधीच सांगते, मी संगणकवाली नाही. एका सहकारी बँकेत सव्वीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी ताळमेळ विभागात. पण घरात हा डबा मीच सांभाळते, कारण नवऱ्याला आकडे नकोसे वाटतात आणि मुलाला केबली. डबा बदलायला मला सात आठवडे लागले. कुठे कुठे अडकले ते तारीखवार लिहिते आहे, कुणाच्या तरी कपाटात आत्ता असंच पीप पीप चालू असेल म्हणून.

डब्याचं पान उघडलं तर लाल अक्षरांत लिहिलेलं: 'डिग्रेडेड'. दुसरी डिस्क गेली होती. हाताला तिचं फिरणंही जाणवत नव्हतं, नुसती टक, टक. पहिली चालू होती, पण तिची तब्येत सांगणारा जो 'स्मार्ट' तक्ता असतो, त्यात चालू तासांचा आकडा ९७ हजारांवर. वर्षाचे तास ८,७६०, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. त्याहून वाईट म्हणजे 'पेंडिंग सेक्टर' या रकान्यात २४. डिस्कवरच्या ज्या जागा धड वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्या या रकान्यात येतात. हा आकडा शून्यच असायला हवा.

तिथेच शेजारी एक निळं बटण होतं: 'दुरुस्त करा'. नवी डिस्क घाला, बटण दाबा, मी सगळं पुन्हा उतरवून घेतो, असं डबा म्हणत होता. ते मी दाबलं नाही, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून घडलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट. दुरुस्ती म्हणजे उरलेली डिस्क पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत एका दमात वाचून काढायची. ती डिस्कही त्याच वयाची, त्याच दुकानातली, त्याच खोक्यातली. दहा तास तिला अशी पळवली आणि मधेच बसली, तर दोन्ही हातचं जाणार. आधी जे वाचता येतंय ते बाहेर काढायचं, दुरुस्तीचं मग बघू.

खरं तर इथवर यायलाच नको होतं. डब्यामागे यूपीएस होता. मार्चमध्ये त्याची बॅटरी संपल्याची शिट्टी वाजत होती. मार्चअखेरीचे दिवस, रात्री नऊला घरी येणारी मी. शिट्टी बंद करायचं बटण दाबलं आणि विसरले. म्हणजे तीन झटके डब्याने थेट अंगावर घेतले. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, गल्लीतल्या इन्व्हर्टरवाल्याकडे १,०५० रुपयांना मिळाली, बदलायला दहा मिनिटं लागली.

आणि तुम्ही विचाराल, बॅकअप नव्हता का? मी दहा वर्षं लोकांना सांगत होते की आहे, दोन डिस्क आहेत ना! बँकेत कुणी मला म्हणालं असतं की पासबुकाची झेरॉक्स काढून त्याच कपाटात, त्याच खणात ठेवली आहे, तर मी हसले असते. एक डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढ्यापुरतीच दुसरी असते. चुकून पुसलेली फाइल ती त्याच क्षणी पुसते.

२७ तारखेला ४ टीबीची पोर्टेबल डिस्क मागवली, ९,४०० रुपये. ती २९ ला दुपारी आली. तोपर्यंत डबा बंद करून ठेवला होता. सुरू करण्याआधी माझ्या बहिणीच्या मुलाला फोन केला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मावशी, कॉपी करायच्या आधी सगळ्या फायलींची यादी काढ. नाव आणि साइज. एकाच फाइलमध्ये." मी कशाला म्हणून विचारलं. तर म्हणतो, "तूच नाही का सांगतेस, सुरुवातीची शिल्लक माहीत नसेल तर ताळा कशाशी जुळवणार?" माझंच वाक्य! यादी निघाली: १,८४,३१२ फायली.

मग नवऱ्याच्या मॅकबुकला लॅनची केबल लावून आरसिंक नावाच्या प्रोग्रामने कॉपी सुरू केली. क्रम महत्त्वाचा. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते: फोटो, टेपा, कागद. मग गाणी. सिनेमे आणि जुने सॉफ्टवेअर शेवटी.

वेग पाहिला तर सेकंदाला ११ एमबी. या चालीने २.३ टीबीला अडीच दिवस लागणार, आणि पेंडिंग सेक्टरचा आकडा तोवर २४ वरून ८० झालेला. रात्रभर मला वाटत राहिलं की डिस्कच मरत आली म्हणून हळू चालते आहे. सकाळी भाचा म्हणाला, केबली जोडायच्या स्विचवरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे ते बघ. नारिंगी. बाकीचे हिरवे. दोष केबलीचा निघाला. लॅनच्या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिटच्या वेगाला, चारही लागतात. एखादी जोडी तुटली तर दोन्हीकडची यंत्रं तक्रार न करता दोन जोड्यांवर, म्हणजे १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटचा एक बाइट) उतरतात, आणि त्यातून सेकंदाला ११-१२ एमबीच जातात. आमची केबल बेडरूमच्या दाराखालून गेलेली. दार किती वर्षं तिच्यावर आपटत होतं कुणास ठाऊक! २८० रुपयांची नवी कॅट-६ केबल सरळ हॉलमधून टाकली, वेग ३५ ते ४० वर गेला. त्यापुढे जुन्या डब्याचा प्रोसेसरच दमत होता. उरलेलं सगळं शनिवारी, ३१ मे रोजी पहाटे पूर्ण झालं. शेवटी प्रोग्रामने तीन फायलींची नावं दिली. 'वाचता आल्या नाहीत.' त्यातल्या दोन जुन्या प्रिंटरच्या होत्या. तिसरीकडे नंतर येते.

डबा बंद केला, डिस्क आत तशाच ठेवल्या. पुसायचं काही नाही, हात लावायचा नाही.

जूनचा पहिला आठवडा काय घ्यायचं यात गेला. नुसत्या डिस्क बदलता आल्या असत्या, पण या मॉडेलला कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर येणं थांबलं होतं. असं जुनं यंत्र इंटरनेटला उघडं ठेवल्यावर काय होतं ते जून २०२१ मध्ये 'माय बुक लाइव्ह' वापरणाऱ्यांनी पाहिलं. २०१५ नंतर ज्याला अपडेट नव्हतं अशी ती पेटी, आणि एका सकाळी जगभर लोकांच्या डिस्क दुरूनच कुणीतरी कोऱ्या करून टाकलेल्या. नवरा म्हणाला, क्लाउडवर टाक सगळं. गुगलचं २ टीबीचं तेव्हा वर्षाला ६,५०० रुपये होतं, आणि आमचं सामान त्यात बसत नव्हतं. पण त्याचं अर्धं मी ऐकलं: फोटो आणि कागद एवढंच क्लाउडवरही ठेवायचं ठरलं. जुन्या कॉम्प्युटरचं नॅस करून देतो असं भाचा म्हणत होता. तो पुढच्या वर्षी कुठे नोकरीला जाईल ते माहीत नाही, म्हणून नको म्हटलं.

डिस्क निवडताना एक गोष्ट बघाच, सीएमआर की एसएमआर. नॅसला सीएमआर हवी, तिच्यात माहितीच्या रेघा सुट्या, शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलून पुन्हा लावावी लागते. डिस्कची जोडी दुरुस्त करताना अशी डिस्क रखडते. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या नॅससाठीच्या 'रेड' (इथे अर्थ लाल) मालिकेतल्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून लोक हे विचारू लागले. आता कंपन्या तक्त्यात लिहितात. खोक्यावर मात्र सहसा नसतं, तेव्हा मॉडेल नंबर पाहून शोधायचं. नॅसचंही तसंच. मी शोधत होते त्याच सुमारास नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेला ठरावीक प्रमाणित डिस्कच चालतील अशी अट घातली होती (ऑक्टोबरमध्ये ती बरीच सैल केली). मी घेतलं ते कुठल्याही डिस्क चालणारं, दोन कप्प्यांचं, आधीच्या पिढीतलं मॉडेल.

१४ जून, शनिवार. लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. चार दुकानं फिरले. नॅस २७,४०० ला मिळालं, ६ टीबीची एक डिस्क १५,९०० ला. दुसरी मुद्दाम तिथे घेतली नाही. एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच वेळी म्हाताऱ्या होतात, हे घरी पाहिलं होतं. दुसरी ऑनलाइन मागवली, ५०० रुपये महाग पडली.

एका दुकानात बिल नको असेल तर आणखी स्वस्त लावतो म्हणाले. मी मान हलवली आणि पुढे गेले. जिथे घेतली तिथे बिल पक्कं दिलं, १८ टक्के जीएसटी दाखवलेलं, डिस्कचा सीरियल नंबर छापलेला. मी तो नंबर खोक्याशी ताडून पाहिला, फोनवरून कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे ना तेही पाहिलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदाच कुणी एवढं बघतंय." मला जरा बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या भरात बिलावर नाव काय घातलंय ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर आठवडाभर खोकी सोफ्याखाली होती. मुलाचा अकरावीचा ऑनलाइन प्रवेश. २०२५ मध्ये तो पहिल्यांदाच राज्यभर एकाच पोर्टलवर आला होता, त्यावर मी वेगळं लिहू शकेन पण लिहिणार नाही. २२ जूनला, रविवारी संध्याकाळी दोन्ही डिस्क बसवल्या आणि 'एक्स्टेंडेड टेस्ट' लावली. ही चाचणी डिस्कची जागा न् जागा वाचून बघते, ६ टीबीला रात्र जाते. सकाळी साडेसहाला चहा ठेवून पाहिलं. ऑनलाइनवाली पास. लॅमिंग्टन रोडवाली नापास, 'रीड फेल्युअर'. कोरी करकरीत डिस्क!

दुकानात फोन केला. "मॅडम, सात दिवसांत आणली असती तर हातोहात बदलून दिली असती. आता कंपनी." मी फोन केला नवव्या दिवशी. म्हणून सांगते, डिस्क घरी आली की त्याच रात्री चाचणीला लावा, भले बाकीचं काम महिन्याने करा. आणि चालू तासांचा रकानाही बघून घ्या. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं होतं.

मग कंपनीची वॉरंटी. क्रम असा: साइटवर खातं, सीरियल नंबर, बिघाडाचं कारण, चाचणीच्या निकालाचा फोटो, बिलाची स्कॅन प्रत. २३ ला रात्री भरलं. २५ ला ईमेल: विनंती फेटाळली, बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळत नाही. बिल काढून पाहिलं. ग्राहकाच्या नावापुढे लिहिलं होतं 'कॅश'. पैसे रोख दिले म्हणून त्याने तसं टाकलं. सव्वीस वर्षं मी लोकांचे फॉर्म याच कारणावरून परत पाठवते आहे.

२८ जूनला पुन्हा डोंबिवली, दादर, ग्रँट रोड. या वेळी धो धो पाऊस. दुकानदाराने कुरकुर केली, जीएसटीचं जुनं बिल रद्द करून नवं करावं लागतं म्हणाला, ते खरंही आहे. तासभर बसवून ठेवलं, चहा पाजला आणि नाव घालून बिल दिलं. ३० ला विनंती मंजूर. २ जुलैला अर्धी रजा टाकून डिस्क कंपनीच्या संकलन केंद्रात दिली. तिथे मूळ खोकं मागत नाहीत, पण अँटीस्टॅटिक पिशवी आणि चारही बाजूंनी फोम हवा. नसला तर परत पाठवतात, माझ्यापुढच्या माणसाला पाठवलं. पावती घेतली, तिचा फोटो काढला. १५ जुलैला बदली डिस्क मिळाली. तिच्यावर 'रिसर्टिफाइड' असं लेबल आहे, म्हणजे दुरुस्त करून तपासलेली. वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, पहिलीची उरलेलीच चालू राहते. नव्याचे पैसे देऊन दुरुस्त केलेलं घेतलं याचा सल आहे. चाचणी त्याच रात्री लावली, ती पास झाली.

या मधल्या काळात मी थांबले नव्हते. २४ जूनपासून एकाच चांगल्या डिस्कवर नवा डबा सुरू केला होता, दुसरी नंतर जोडता येते. पोर्टेबल डिस्कवरून सगळं त्यात उतरवलं. कॉपी संपली, मोजणी लावली. १,८४,२९७.

पंधरा कमी.

नवरा म्हणाला, "अगं, पावणेदोन लाखांत पंधरा! सोड ना." त्याला मी काय सांगणार. बँकेत पंधरा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बसलेलो आहोत. फरक लहान असतो तेव्हाच जास्त भीती वाटते, कारण त्यात एक मोठी जमा आणि एक मोठी नावे एकमेकांना झाकून बसलेली असू शकते.

तीन माहीत होत्या, त्या वाचताच न आलेल्या. उरल्या बारा. दोन्ही याद्या ताडून पाहिल्यावर नऊ एकाच फोल्डरमधल्या निघाल्या: 'अण्णांचे कागद'. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते २०१९ मध्ये गेले. फायलीच्या पुठ्ठ्यावर जसं सगळं सविस्तर लिहायची त्यांची सवय, तशीच नावं त्यांनी स्कॅनलाही दिलेली. त्यातलं एक: 'गावच्या घराचा सातबारा फेरफार नोंदीसह दुरुस्तीपूर्वीची जुनी प्रत'. नव्या डब्यात हे फोल्डर मी एन्क्रिप्शन लावून केलं होतं, चोरीला गेलं तर कुणी उघडू नये म्हणून. आणि तशा फोल्डरमध्ये फायलीच्या नावाला मर्यादा असते १४३ बाइटची. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट. देवनागरीत तीन. तेही अक्षर म्हणजे आपण म्हणतो ते नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, प्रत्येकाचे वेगळे तीन. 'दुरुस्तीपूर्वीची' हा एक शब्द संगणकाच्या हिशेबात सोळा चिन्हं, ४८ बाइट. अण्णांचं ते नाव, मागची '.pdf' ही शेपटी धरून, १७९ भरलं. साध्या फोल्डरला मर्यादा २५५ ची असते, म्हणून जुन्या डब्यात ते सुखाने बसलं होतं. मराठीत नावं देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: कुलूपबंद फोल्डरमध्ये साधारण पंचेचाळीस चिन्हांच्या आत. नावं लहान केली, पण अण्णांचं मूळ नाव एका मजकुराच्या फायलीत उतरवून शेजारी ठेवलं. त्या नावातच अर्धी माहिती होती.

राहिल्या तीन. यांनी माझ्या दोन रात्री खाल्ल्या. त्या होत्या 'दिवेआगरच्या किनाऱ्यावर' या फोल्डरमध्ये, २०१४ ची सहल. जुन्या यादीत हे फोल्डर दोनदा दिसत होतं, अक्षरन् अक्षर तेच नाव. मला वाटलं दुबार नोंद आहे, एक उडवून टाकावी. भाचा ओरडला, "मावशी, थांब!"

भानगड 'ऱ' ची होती. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, खऱ्या यांतला तो ऱ संगणक दोन तऱ्हांनी लिहू शकतो. एक म्हणजे सबंध एकच चिन्ह. दुसरी म्हणजे साधा र आणि खाली वेगळा नुक्ता. दिसायला तंतोतंत सारखं, आत वेगळं. जुन्या मॅकची डिस्क नावं फोडून दुसऱ्या तऱ्हेने ठेवायची, विंडोजवर आपण टाइप करतो ते पहिल्या तऱ्हेने जातं. त्या सहलीचे माझे फोटो विंडोज लॅपटॉपवरून चढलेले, नवऱ्याचे त्याच्या मॅकवरून. डब्याच्या लेखी ती दोन वेगळी फोल्डरं. अकरा वर्षं शेजारी शेजारी बसलेली. मी मात्र बचावाची पहिली प्रत मॅकबुकला जोडलेल्या, मॅकच्या पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर घेतली, आणि आजचा मॅक हे दोन्ही ऱ एकच मानतो. त्याने दोन्ही फोल्डरं एकात ओतली. आमच्या दोघांच्या कॅमेऱ्यांनी तीन फोटोंना नेमके तेच क्रमांक दिले होते. त्यात नंतरच्याने आधीचा झाकला. कुठेही चूक दाखवली नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. फक्त मोजणीत तीन कमी.

मूळ फोटो जुन्या डब्यात होते, कारण तो पुसला नव्हता. दहा मिनिटांसाठी चालू केला, तिन्ही काढून घेतले. पेंडिंग सेक्टरचा आकडा तेव्हा चार अंकी झाला होता.

मोजणी जुळल्यावर आतला मजकूरही जुळतो का हे बघायला चेकसम लावलं, म्हणजे प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा. दोन रात्री चाललं, फरक शून्य. १६ जुलैला दुसरी डिस्क जोडली, अकरा तासांत दोन्ही सारख्या झाल्या. पोर्टेबल डिस्क आता ठाण्याला नणंदेकडे असते. दर दोन-तीन महिन्यांनी जाते तेव्हा आणते, ताजी करते, परत देते.

किरकोळ दोन गोष्टी. आईंच्या खोलीतला २०१२ चा मीडिया प्लेअर नवा डबा ओळखेना. तो फक्त एसएमबी-१ ही जुनी बोली बोलतो, आणि २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसच्या प्रकरणापासून ती सगळीकडे बंद ठेवतात. ती उघडायची नाही असं ठरवून डीएलएनए (घरातल्या प्लेअरना गाणी, व्हिडिओ पुरवायची दुसरी बोली) चालू केलं, आईंची कीर्तनं सुरू झाली. दुसरी गोष्ट, मी एक कागद लिहिला: डबा कुठे, पासवर्ड काय, एन्क्रिप्शनची किल्ली कुठली, वीज गेल्यावर काय करायचं. नवऱ्याला म्हटलं, मी बाल्कनीत बसते, तू हा वाचून अण्णांचा सातबारा उघडून दाखव. पंचवीस मिनिटं लागली. माझ्या कागदात दोन चुका निघाल्या, एक तर पासवर्डमध्येच. दुरुस्त करून तो लॉकरच्या कागदांत ठेवला.

खर्चाची बेरीज: पोर्टेबल ९,४००, नॅस २७,४००, डिस्क १५,९०० आणि १६,४००, बॅटरी १,०५०, केबल २८०. ७०,४३० रुपये. रेल्वेचा पास होता, दादर ते ग्रँट रोड धरला नाही.

आणि ती तिसरी फाइल. साधारण १३ जीबीची, मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेली, २००९ चं मुलाचं बारसं. भाच्याने जुनी डिस्क काढून लिनक्सवर लावली आणि खराब जागा ओलांडत उरलेलं वाचून घेतलं. सहा सेकंद सोडून सगळं मिळालं. पाळण्याभोवती बायका आहेत, नणंद बाळाच्या कानाशी वाकते, पाठीवर धपाटे बसायला लागतात, आणि चित्र चौकोनांत फुटतं. परत जुळतं तेव्हा ती सरळ उभी राहून हसत असते. बंद पडलेली दुसरी डिस्क उघडून देणाऱ्याने १८ ते ४० हजार सांगितले, तेही हमी नाही.

माळ्यावरून मूळ टेप शोधून काढली आहे. आमचा कॅमेरा टेप आत ओढतो आणि गप्प बसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या परिसरात कुणाकडे चालणारा मिनीडीव्ही कॅमेरा आणि फायरवायरची केबल असेल तर कळवा. टेप घेऊन मीच येईन, तासाभराचं काम आहे.